सोयाबीनची ॲलर्जी: कुणाच्या घरात आहे का? दिवाळीला गावी जायचंय, आणि गावी सोयाबीनच पिकतं

निशिगंध | ३ सप्टेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि त्याला सोयाबीनची ॲलर्जी आहे. शेंगदाण्याची किंवा अंड्याची म्हटलं की लोक निदान मान तरी डोलावतात. सोयाबीन म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "मग नका देऊ सोयाबीन, त्यात काय एवढं?" त्यात काय आहे तेच लिहायला बसले आहे.

तो दोन वर्षांचा असताना एकदा सोयाच्या वड्यांचा रस्सा केला होता. भातात कुस्करून दोन घास भरवले, तिसऱ्याला त्याने तोंड फिरवलं. मला वाटलं तिखट लागलं असेल, पाणी पाजलं. तेवढ्यात खालचा ओठ मधमाशी चावल्यासारखा टरारून सुजला, मानेवर गांधी उठल्या आणि खोकला सुरू झाला. कोरडा, थांबतच नव्हता. मग भडाभडा उलटी. पहिल्या घासापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत पंचवीस मिनिटं गेली असतील. डॉक्टरांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं आणि पाचेक मिनिटांत त्याचा श्वास मोकळा झाला. रात्रभर तिथेच ठेवून घेतलं, कारण कधीकधी काही तासांनी त्रास पुन्हा उसळतो म्हणे. पुढे त्वचेवर थेंब टाकून टोचतात ती चाचणी झाली, रक्तातली आयजीईची (ॲलर्जीत वाढणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी झाली. दोन्हींत सोयाबीन ठळक निघालं.

मग वर्षभर आम्ही पाकिटं वाचून काढली. ब्रेड, बिस्किटं, मल्टिग्रेन आटा, पोषणाची पेयपावडर, सूपची पाकिटं, तयार कटलेट. कुठे सोयापीठ, कुठे सोया प्रोटीन, कुठे लेसिथिन (तेल-पाणी एकजीव ठेवायला घालतात तो घटक, बऱ्याचदा सोयाबीनचा). जमत आलं असं वाटत असतानाच एका शनिवारी सकाळी तो तूप-गूळ-पोळी खाऊन गांधींनी भरला. गहू आम्हीच आणलेले आणि निवडलेले, तूप घरचं. मी गूळ बदलला, तूप बदललं, रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला सुचलं आणि तो पिठाचा डबा घेऊन गिरणीत गेला. गिरणीवाले दादा सरळ माणूस. आठवून म्हणाले, "तुमच्या आधीचं दळण दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन घातलेलं होतं." पौष्टिक म्हणून हल्ली कितीतरी घरांतून तसंच दळण येतं. दगडांच्या मध्ये आणि गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या त्या कापडी बाहीत आधीच्याचं पीठ राहतंच. ते आमच्या डब्यात आलं. पिठाच्या डब्यावर कुठलं आलंय लेबल!

दुसऱ्या महिन्यात हप्त्यावर घरघंटी घेतली.

आता विचारायचं ते असं. सासर औसा तालुक्यात, सहा एकर सोयाबीन. दसरा-दिवाळीच्या सुमारास काढणी-मळणी, वाड्यात रास, पोत्यांची थप्पी. गेल्या वर्षी जाणं टाळलं. यंदा सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आपल्याच रानात पिकलेलं पोराला कसं काय बाधंल?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं, आणि मला उत्तर सुचलं नाही. दुसरं म्हणजे शाळा. तिसरं तेल. घरी सोयाबीनचं रिफाइंड तेल वापरत होतो, ते मी घाबरून बंद केलंय. ते खरंच बंद करायला हवं होतं का? ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी कृपया लिहा.

शेवगा | ३ सप्टेंबर, रात्री ११.२५

वाचून काळजात धस्स झालं. माझ्या भाचीला पोटाचे त्रास होते, तेव्हा आम्ही रक्ताची एक मोठी तपासणी करून घेतली होती. एकाच नमुन्यात दोनशेच्या वर पदार्थ. तिला सोयाबीन, तूर, गहू, टोमॅटो असं बरंच निघालं आणि सगळं बंद केलं. तुम्हीही करून बघा. आणि सोयाबीन शेंगवर्गातलं आहे, तर शेंगदाणे आणि डाळीही थांबवलेल्या बऱ्या.

कडुनिंब | ४ सप्टेंबर, सकाळी ७.१०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, लहान मुलांच्या ॲलर्जीचं काम बरीच वर्षं करतोय. शेवगा, तुमचा हेतू चांगला आहे, पण ह्या सल्ल्याने मुलाचं नुकसान होईल, म्हणून लगेच लिहितोय.

ती दोनशे पदार्थांची तपासणी बहुतेक आयजीजीची, म्हणजे आयजीईहून वेगळ्या प्रतिपिंडांची असते. आयजीजी वाढलेलं दिसणं म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख आहे, एवढंच. तूर रोज खाणाऱ्याच्या रक्तात तुरीचं आयजीजी असणारच. त्यावरून ॲलर्जी ठरत नाही. भाचीची तूर, गहू बंद केलेत ते एकदा तज्ज्ञाला दाखवा. वाढत्या वयात इतकं ताटातून काढलं तर वजन आणि उंची दोन्ही अडतात.

डाळींचं. सोयाबीन, शेंगदाणा, हरभरा, तूर ही एकाच कुळातली, त्यांची प्रथिनं दिसायला सारखी. त्यामुळे चाचणीच्या कागदावर एकाबरोबर दुसरंही पॉझिटिव्ह येतं. पण खाल्ल्यावर त्रास होणं ही निराळी गोष्ट आहे आणि बहुतेकांना तो होत नाही. मूल वरणभात, शेंगदाण्याची चटणी मजेत खात असेल तर ते खाणं हाच सगळ्यात मोठा पुरावा. ते कागदाकडे बघून थांबवू नका. हरभऱ्याची, मसुराची स्वतंत्र ॲलर्जी आपल्याकडे दिसते, नाही असं नाही, पण ती त्या डाळीने त्रास झाला तर शोधायची.

तेल. ॲलर्जी प्रथिनांची असते. रिफाइंड तेल काढताना ज्या प्रक्रिया होतात त्यांत प्रथिन जवळजवळ उरत नाही. म्हणूनच अमेरिकेत आणि युरोपात पूर्ण रिफाइंड सोयातेलाला ॲलर्जीच्या इशाऱ्यातून सूट आहे. बहुतेक मुलांना ते चालतं. घाण्यावरच्या सोयातेलाचं मात्र तसं नाही, त्यात प्रथिन राहतं. आणि बाहेरच्या कढईतलं तेल, ज्यात आधी सोयाचे कबाब तळलेत, ते रिफाइंड असलं तरी सुरक्षित नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून घरचं तेल पुन्हा सुरू करता येईल असं मला वाटतं, पण निर्णय त्यांचा. मुलाला त्यांनी पाहिलंय, मी नाही.

लेसिथिन. पाकिटावर ते आयएनएस ३२२ अशा आकड्यानेही येतं. त्यात प्रथिन फार थोडं असतं आणि बरीच मुलं ते पचवतात. पण तुमच्या मुलाला गिरणीतल्या पिठाने गांधी आल्या आहेत, म्हणजे तो थोड्यालाही दाद देणारा आहे. त्यामुळे हेही विचारून. सूर्यफुलाचं लेसिथिनही असतं, ते वेगळं.

आणि इंजेक्शन घरात आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

निशिगंध | ४ सप्टेंबर, दुपारी २.०५

डॉक्टर, मनापासून आभार. आहे. मांडीवर दाबलं की आपोआप टोचतं ते पेन मी शोधलं होतं, जवळच्या एकाही औषधाच्या दुकानात मिळालं नाही. आमच्या डॉक्टरांनी ॲड्रिनलिनचे दोन ॲम्प्युल, एक मिलिलिटरच्या दोन सिरिंजा आणि मुलाच्या वजनावरून काढलेली मात्रा लिहिलेला कागद असा डबा करून दिला. ॲम्प्युल फोडून औषध ओढायला मला त्यांनी चार वेळा लावलं. पहिल्या वेळी हात इतका थरथरला की काच बोटात गेली. चौथ्या वेळी नीट जमलं. डबा उन्हात, गाडीत ठेवायचा नाही, आणि दर सहा महिन्यांनी वजन करून मात्रा बदलून घ्यायची.

कडुनिंब | ४ सप्टेंबर, रात्री ९.३०

उत्तम. वाचणाऱ्या इतरांसाठी: मात्रा वजनावर असते, दुसऱ्याच्या मुलाचा आकडा उचलू नका. अंगावर पित्त उठल्यावर देतात ती ॲलर्जीची गोळी किंवा सिरप गांधी आणि खाज कमी करतं. श्वास अडकला, आवाज घोगरा झाला, मूल फिकट पडून गळून गेलं, तर त्यावर विसंबायचं नाही, आधी मांडीत ॲड्रिनलिन. मुलाला आडवं करून पाय उंच ठेवायचे, श्वास लागत असेल तर टेकवून बसवायचं, पण उभं करून चालवत न्यायचं नाही. आणि बरं वाटलं तरी दवाखाना गाठायचाच.

निशिगंध, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात असतो. ही ॲलर्जी पुष्कळ मुलांची जाते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी सोयाची ॲलर्जी असलेल्या १३३ मुलांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबाने सहाव्या वर्षापर्यंत साधारण ४५ टक्के आणि दहाव्या वर्षापर्यंत ६९ टक्के मुलांची ॲलर्जी गेलेली असते. गेली की नाही हे मात्र घरी चाखवून बघायचं नाही. दवाखान्यात, सगळी तयारी ठेवून, थोडं थोडं वाढवत खायला देतात. आयजीईचा आकडा दर वर्षी बघत राहा, उतरायला लागला की तो विचार करता येतो.

वैदर्भी | ६ सप्टेंबर, सकाळी ११.५०

मी अकोल्याजवळची. आमची कथा थोडी वेगळी आहे. गांधी नाहीत, सूज नाही, म्हणून कुणाला ॲलर्जी सुचलीच नाही. ती लिहून ठेवते, कुणाच्या तरी कामी येईल.

मुलगी पाच महिन्यांची असताना माझं दूध कमी पडू लागलं. गाईच्या दुधाने तिला त्रास व्हायचा, म्हणून सोयाची पावडर सुरू केली. बाटली संपवून ती छान झोपायची. दोन तासांनी उठून जी उलट्या करायची, की दहा-बारा वेळा, शेवटी नुसतं हिरवं पाणी. मग पांढरीफटक पडायची, मान टाकायची. डोळे उघडे पण बघत नाही. तीनदा भरती केलं. तीनही वेळा गॅस्ट्रो म्हणून सलाईन लावलं, बरी होऊन घरी आली, आणि आम्ही पुन्हा तीच पावडर दिली. आजही ती बाटली डोळ्यापुढे आली की माझे हात गार पडतात. चौथ्या वेळी नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला फक्त एक प्रश्न विचारला: "खाण्यापासून उलटीपर्यंत किती वेळ जातो?" म्हटलं, दोन तास, दर वेळी. त्यांनी लगेच नाव सांगितलं, एफपाइज. अन्नातल्या प्रथिनाने आतड्याला येणारा झटका. लहान बाळांत दूध आणि सोया ही त्याची नेहमीची कारणं. आयजीईची तपासणी ह्यात सहसा कोरी येते, तशी तिचीही आली.

सोयाबीन आणि गाईचं दूध दोन्ही बंद केलं, खास पावडर लिहून दिली. पुन्हा एकदाही झालं नाही. तीन वर्षांची झाल्यावर दवाखान्यात बसवून दिलं, पचलं. आता ती सहाची आहे.

ज्यांचं बाळ खाल्ल्यावर एक ते चार तासांनी असं ओकून गळून जातं त्यांनी वेळ लिहून ठेवा. आमच्यासाठी तो एक आकडाच निदान ठरला.

कडुनिंब | ६ सप्टेंबर, रात्री १०.००

वैदर्भी, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. एक भर घालतो: एफपाइजच्या झटक्यात मुख्य उपचार सलाईन आणि उलटी थांबवण्याचं औषध. ॲड्रिनलिनचा त्यावर इलाज म्हणून उपयोग नाही. दोन्हींना लोक "सोयाची ॲलर्जी" म्हणतात, पण तातडीच्या वेळी करायचं निराळं असतं. आपल्या मुलाचं कोणतं आहे ते कागदावर लिहून घ्या.

भूर्जपत्र | ९ सप्टेंबर, रात्री १.१५

मी म्युनिकमध्ये आहे, अकरा वर्षं झाली. मला मोठेपणी, इथे येऊन ॲलर्जी झाली. लहानपणी सोलापुरात सोयाच्या वड्या भरपूर खाल्ल्या, कधी काही झालं नाही.

इथे वसंतात बर्च नावाच्या झाडाचे परागकण हवेत भरून राहतात. हे झाड आपल्या भूर्जपत्राच्या भूर्जाचंच भाऊबंद, म्हणून हे नाव घेतलंय. पहिली तीन-चार वर्षं काही नाही, मग एप्रिलमध्ये शिंका आणि डोळे लाल. त्याच्या पुढच्या वर्षी सफरचंद खाल्लं की टाळू खाजायची. हेही सोसलं. मग जिमनंतर सोया प्रोटीनची पावडर पाण्यात ढवळून घ्यायला लागलो. दुसऱ्याच दिवशी, पंधरा मिनिटांत, गिळता येईना. जीभ तोंडात मावत नव्हती. शेजारच्यांनी रुग्णवाहिका बोलावली.

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. सोयाबीनमध्ये ग्लाय एम ४ नावाचं एक प्रथिन आहे, ते बर्चच्या परागातल्या प्रथिनाशी इतकं मिळतंजुळतं आहे की माझं शरीर दोघांत गल्लत करतं. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २००७ मध्येच बर्चची ॲलर्जी असणाऱ्यांना सोयाच्या पावडरी आणि पेयांबद्दल सावध केलं होतं. मला कुणीच सांगितलं नव्हतं. हे प्रथिन उष्णतेने आणि आंबवण्याने मोडतं, म्हणून सोया सॉस मला आजही चालतो. सोयादूध आणि पावडर नाही. सोयादूध कपभर एका दमात पोटात जातं, तेच मोठं संकट.

हे निशिगंध यांच्या मुलाला लागू नाही, लहान मुलांची ॲलर्जी बहुधा बियांत साठलेल्या टणक प्रथिनांची असते आणि ती शिजवून जात नाही. पण युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणाला वसंतात शिंका येत असतील आणि तो गाईचं दूध सोडून सोयादुधाकडे वळणार असेल, तर त्याने आधी हे वाचावं. इथे एक सोय आहे. डिसेंबर २०१४ पासून सोयाबीनसारखा नेमून दिलेला ॲलर्जीचा घटक घटकयादीतच उठून दिसेल असा छापावा लागतो, त्यामुळे दुकानात उभ्या उभ्या दिसतो.

मोगरा_तोक्यो | १० सप्टेंबर, सकाळी ६.३०

निशिगंध, तुझ्या गावच्या प्रश्नाशी माझं नातं आहे, म्हणून लिहिते. (एकेरी लिहिलं, चालेल ना? आई-आई आहोत.) आम्ही जपानमध्ये, तोक्योच्या निशीकासाईत राहतो. मुलगी पाच वर्षांची, सोयाबीनची ॲलर्जी, आणि देश असा की सोयाबीनवाचून इथलं पान हलत नाही. मिसो, तोफू, नात्तो, शोयु हे सोयाबीनचे पदार्थ तर आहेतच, पण भाजक्या सोयाबीनचं पीठ, किनाको, तांदळाच्या मऊ मोचीवर भुरभुरवतात, ते आपल्या पिठीसाखरेसारखं हवेत उडतं. ते मला जास्त भिववतं.

इथल्या कायद्यात शेंगदाणा, अक्रोड सक्तीच्या यादीत आहेत. सोयाबीन "लिहावं अशी शिफारस" असलेल्या यादीत. बहुतेक कंपन्या लिहितात, पण न लिहिलेलं म्हणजे नाहीच असं धरता येत नाही. मी जपानी शिकायला लागले तेव्हा पहिलं ओळखायला शिकलेला चित्रलिपीतला शब्द "दाइझू", म्हणजे सोयाबीन. आधी ते, मग स्वतःचं नाव.

तीन फेब्रुवारीच्या सुमाराला सेत्सुबुन असतो. ओनी नावाच्या राक्षसाला हाकलायला भाजलेले सोयाबीन मुठीने फेकतात आणि आपल्या वयाइतके दाणे खातात. पाळणाघरात सगळी मुलं. मी आठवडाभर आधी जाऊन सांगितलं तेव्हा मनातून शरमले होते, की ह्यांचा सण मी मोडतेय. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहिलं आणि काही बोलल्या नाहीत. सणाच्या दिवशी मुलांच्या हातात वर्तमानपत्राचे चुरगळून केलेले गोळे होते. सगळ्या वर्गाच्या, एकट्या हिच्या नाही. लहानग्यांच्या घशात दाणे अडकतात म्हणूनही इथे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ते देऊ नयेत असं सांगतात, त्यामुळे त्यांनाही ते पटलं असेल. ओनी पळून गेला. मुलीला आजतागायत माहीत नाही की तो बदल तिच्यासाठी होता.

तुझ्या सासूबाईंना फोनवर नको सांगूस. समोर बसून सांग, आणि तो सुजलेल्या ओठाचा फोटो असेल तर दाखव.

पाटी | ११ सप्टेंबर, संध्याकाळी ५.४५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या पोषण आहारात सोयाबीनचा पुलाव असतो, त्या दिवशी मुलं खूश असतात, आणि प्रथिनं त्यांना हवीतच. माझ्या वर्गात एक मुलगा आहे ज्याला तो चालत नाही. पालकांनी आधी तोंडी सांगितलं होतं. माझी रजा असताना बदली शिक्षकांना ते माहीत नव्हतं. मुलाने स्वतः ताट बाजूला सारलं म्हणून निभावलं. त्यानंतर आम्ही चार गोष्टी बदलल्या. डॉक्टरांचा कागद हजेरीपत्रकालाच चिकटवला. त्याचा फोटो स्वयंपाकघरात, तांदळाच्या कोठीवर. त्याचा पळा आणि ताट वेगळं, त्यावर लाल रंग. आणि पुलावाच्या दिवशी त्याचा डबा घरून.

सगळ्यात जास्त फरक पडला तो स्वयंपाकीण ताईंना विश्वासात घेतल्याने. त्या म्हणाल्या, "बाई, मला कुणी कारणच सांगितलं नव्हतं, नुसतं देऊ नका म्हणाले." आता त्याच आधी त्याला वाढतात आणि मग पुलावाच्या पातेल्याला हात लावतात. निशिगंध, शाळेत मुख्याध्यापकांना भेटालच, पण वाढणाऱ्या मावशींनाही नावाने ओळखून या. वाढदिवसाच्या चॉकलेटचं वर्गशिक्षिकेकडे आधी बोला, घरची चार चॉकलेटं तिच्या कपाटात ठेवा.

मोंढा | १४ सप्टेंबर, रात्री ९.२०

मी लातूरला आडतीवर मुनीम आहे, चौदा वर्षं. धागा बायकोने दाखवला. सोयाबीनची आवक सुरू झाली की माझी छाती भरते. पोती ओतताना, चाळणी चालू असताना जी धूळ उठते ती संध्याकाळपर्यंत नाकात-घशात बसते. दिवाळीत मोंढा बंद असला की चार दिवसांत आपोआप बरं. मला वाटायचं थंडीने होतं. हे पण ॲलर्जीच का? सोयाबीनची भाजी मात्र मी खातो, काही होत नाही.

कडुनिंब | १५ सप्टेंबर, सकाळी ६.५५

मोंढा, तुम्ही दोन खुणा अगदी नेमक्या सांगितल्यात: सुट्टीत बरं वाटतं आणि खाऊन काही होत नाही. दम्याच्या तज्ज्ञाला भेटून फुप्फुसांची फुंकर-चाचणी करून घ्या, एकदा हंगामात आणि एकदा सुट्टीनंतर.

स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या २६ लाटा आल्या. एखाद्या दिवशी अचानक काही तासांत कितीतरी माणसं धापा टाकत दवाखान्यांत यायची, आणि इतर दिवशी शांत. कारण सापडेना. शेवटी तारखा बंदराच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा कळलं की त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जात होतं आणि कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. गाळणी बसवली आणि लाटा थांबल्या. ती ॲलर्जी सोयाबीनच्या टरफलातल्या प्रथिनांची होती, दाण्यातल्या नव्हे. म्हणूनच तुमच्यासारखा माणूस वड्या मजेत खातो आणि धुळीने मात्र घुसमटतो. साधा रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही, एन-९५ घट्ट बसवून वापरा, आणि चाळणीच्या वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला बसायची जागा मागा.

निशिगंध, ह्यात तुमचं उत्तर आहे. मळणीच्या धुळीत टरफल असतं तसा फुटलेल्या दाण्याचा चुराही असतो. तुमच्या मुलाला मळणी चालू असताना, किंवा भुसकटाच्या ढिगाजवळ नेऊ नका. पण रास उचलली, जागा ओल्या फडक्याने पुसली, आणि मुलाच्या तोंडात काही जाणार नाही हे बघितलं, तर गाव बंद करायचं कारण नाही. नुसता वास येणं, पोतं दिसणं ह्याने काही होत नाही.

शेवगा | १५ सप्टेंबर, रात्री ८.४०

डॉक्टर, भाचीला काल तज्ज्ञांकडे नेलं. तूर आणि गहू सुरू करायला सांगितलेत. तिने सहा महिन्यांनी आमटी खाल्ली. तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही तसेच चालत राहिलो असतो.

अबोली | २ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

मला स्वतःला आहे, वय ३८. एक गोष्ट कुणी लिहिली नाही: औषधं. ड जीवनसत्त्वाच्या मऊ कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा सोयातेल असतं, खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं. भुलीच्या प्रोपोफोल या औषधातही सोयातेल असतं. माझ्या शस्त्रक्रियेच्या आधी मी भूलतज्ज्ञांना सांगितलं, त्यांनी माझे कागद पाहून, हे तेल रिफाइंड आहे असं सांगून तेच वापरलं आणि काही झालं नाही. तेव्हा घाबरून नका जाऊ, पण प्रत्येक खोलीत, प्रत्येक नव्या डॉक्टरला पुन्हा सांगा.

आणि लेबलाबद्दल: आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल-नियमांत सोयाबीन जाहीर करायच्या यादीत आहे. घटकांच्या यादीखाली "कंटेन्स" ह्या इंग्रजी शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. पण सुट्या फरसाणाला, बेकरीतल्या पावाला, बचत गटाच्या चकलीला अशी ओळ नसते. तिथे मी सरळ विचारते, "पिठात सोयाबीन आहे का?" "काय काय घातलंय" असं विचारलं की लोक मसाले सांगतात, पीठ सांगत नाहीत.

निशिगंध | ९ नोव्हेंबर, रात्री ११.१०

आजच गावाहून परतलो. सगळ्यांना सांगितल्याशिवाय झोप यायची नाही.

मोगरा, तुझं ऐकलं. सप्टेंबरच्या शेवटी मी एकटी, मुलाला न घेता, एका रविवारी जाऊन आले. सासूबाई चुलीपाशी होत्या. मी फोटो दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, पदराने काच पुसली, परत बघितलं. मग एवढंच विचारलं, "श्वास बी कोंडला हुता का?" म्हटलं हो. त्या उठून बाहेर गेल्या, बराच वेळ ओट्यावर बसून राहिल्या. मला वाटलं, पुन्हा दुखावल्या.

दिवाळीला गेलो तर वाड्यात सोयाबीनचा एक दाणा नव्हता. यंदा मळणी रानातच उरकून माल तिथूनच मोंढ्यावर पाठवला होता, भुसकटाची गंजी वेशीपलीकडच्या तुकड्यात. सारवण नवं, पोत्यांचा कोपरा धुतलेला. तेल आम्ही आमच्या डॉक्टरांच्या परवानगीने ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू केलंय, ते सोबत नेलं होतं. पीठही नेलं होतं, घरघंटीवरचं. ते बघून त्या म्हणाल्या, "ठेव तसंच." आणि मला माजघरात नेलं. माळ्यावर पंधरा वर्षं पडून असलेलं जातं खाली काढून, टाकी लावून, मांडून ठेवलं होतं. गावच्या गिरणीत सगळे सोयाबीन घालून दळतात हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं, फक्त त्याचा ह्या पोराशी संबंध त्यांनी लावला नव्हता. चकलीची भाजणी त्यांनी आणि जाऊबाईंनी दोन पहाटे बसून हाताने दळली होती.

तिसऱ्या दिवशी मी इंजेक्शनचा डबा काढून सगळ्यांना दाखवला. जुनी, मुदत संपलेली ॲम्प्युल सरावासाठी नेली होती. दीर, जाऊ, सगळे बघून मागे सरले. सासूबाईंनी चष्मा लावला, घरच्या बागेतली मोसंबी मांडीवर ठेवली आणि तीनदा टोचून बघितली. तिसऱ्यांदा सुई सरळ गेली. मग मुलाला बोलावून त्याच्या मांडीवर बोटाने जागा दाबली आणि मला विचारलं, "हितंच ना?"

भाजणीचं प्रमाण जाऊबाईंकडून लिहून आणलंय, इथे कुणाला बिनसोयाची खात्रीची हवी असेल म्हणून: तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, मूग डाळ अर्धी, धणे पाव वाटी, जिरं दोन चमचे. तांदूळ आणि डाळी धुऊन, सावलीत वाळवून, वेगवेगळ्या भाजायच्या. धणे-जिरं शेवटी, नुसतं गरम करून. दळण जाडसर नको.